विल्या, तुझी बिनफोडणीची आमटी

विल्या,

तुला ‘मेल्या’ म्हटल्याशिवाय माझं एक वाक्य सुरू होत नसे. लहानपणापासूनची खोड. “मेल्या, चपला बाहेर काढ.” “मेल्या, कधीतरी दोन ओळी खरडता येत नाहीत का रे आईला?” आता तो शब्द ओठांवर येतो आणि मी जीभ चावते. धाकट्या भावाला हाक मारायला माझ्याकडे दुसरा शब्दच नव्हता, तोही तू घेऊन गेलास. मला तुझा राग आलाय, हे आधीच सांगून टाकते. तुझ्यावर चिडायला मला कधी कारण लागलं नाही, या वेळी तर चांगलं घसघशीत कारण आहे.

परवा तुझा तेरावा झाला. गोडाचं जेवण झालं, पाहुणे पांगले, चुलत्यांकडचेही आपापल्या मार्गाला लागले. आता या घरात मी आणि आई. माझं घर सासूबाईंवर टाकून मी इथे मुक्काम ठोकलाय, कारण आई जेवत नाही. अगदी कडकडीत उपास नाही रे. सकाळचा चहा घेते, दहीभाताचे दोन घास चिवडते आणि ताट सरकवते. दंडावर ब्लाउज ढगळ झालाय. भिंतीला धरून मोरीपर्यंत जाते. डॉक्टर म्हणाले, “काहीही करून खायला घाला.” सांगायला त्यांचं काय जातंय! आपल्या आईला तिच्या मनाविरुद्ध कुणी काही खायला घातल्याचं तुला आठवतंय का?

आणि ती फोडणी देत नाही, मलाही देऊ देत नाही. सुतकात फोडणी नसते, ते ठीकच आहे. शेजारणींनी आणलेला कडू घास, मग ते पांढरंफटक वरण आणि भात, सगळं निमूट गिळलं आम्ही. पण तेरावं झालं की घरात पुन्हा मोहरी तडतडते, आणि आळीतल्या बायकांना कळतं की या घराने कसंबसं अंग सावरलं. काल सकाळी मी आमटीसाठी तेल तापवायला ठेवलं. आई अंथरुणावरून उठली, हळूहळू आली आणि तिने गॅस बंद केला.

“माझ्या घरात आता फोडणी नको.”

“अगं, तेरावं झालं आई.”

“तुमचं झालं असेल.”

ही तीच आई, विल्या, जी दहीभातालाही फोडणी दिल्याशिवाय पानात वाढत नसे. बिनफोडणीचं फक्त माणूस गेल्यावर शिजवायचं, एरवी शिजवलं तर आपणच घराला वाईट सवय लावतो, हे तिचं शास्त्र. आणि तिचाच मुलगा बोटीवर भंडारी झाला, सगळ्या खलाशांना रांधून घालणारा, आणि परदेशातून शिकून काय आला, तर बिनफोडणीची आमटी!

तुझं ते मिनेस्त्रोने, इटलीतली भाज्यांची आमटी. बोट दुरुस्तीसाठी जिनोआच्या बंदरात अडकून पडली होती, तेव्हा तिथल्या एका खाणावळीतल्या म्हातारीकडून तू ते शिकलास. पहिल्यांदा केलंस तेव्हा किती रंगवून सांगत होतास. भाज्या बारीक चिरायच्या, सगळ्या एकदम गार पाण्यात घालायच्या, मंद आचेवर ठेवायच्या आणि विसरून जायचं. काही परतायचं नाही, काही तडतडवायचं नाही. तेल घालायचं ते अगदी शेवटी, वरून, कच्चं. आणि चमचा मधोमध उभा राहिला की झालं. आई ऐकत होती आणि तिचा चेहरा बदलत चालला होता. मला हसू आवरेना, कारण तुला बिचाऱ्याला कळतच नव्हतं की तू कुठल्या घरात उभा राहून काय बोलतोयस.

“ही आमटी नाही, सुतकातली पेज आहे,” आई म्हणाली.

“अगं, तिकडे रोज खातात. धडधाकट माणसं आहेत सगळी.”

“तिकडच्यांना तिकडचे देव सांभाळतील. तू समुद्रावर असतोस.”

एवढंच बोलली ती. पण तुझं पातेलं खाली उतरलं, तू हात धुवायला मोरीत गेलास, आणि हिने मोहरी, हिंग, कढीपत्त्याची सणसणीत फोडणी तुझ्या त्या आमटीवर ओतली. चर्रर आवाज आला आणि तू ओल्या हातांनी धावत आलास. “आई! काय केलंस हे?” ती शांतपणे म्हणाली, “आता माणसांनी खाण्यासारखं झालं.” दर रजेला हेच. तू करायचास आणि ती फोडणी ओतायची. आणि एवढं करून स्वतः चमचाभरही कधी खायची नाही. “मला नको ती भाज्यांची पेज,” म्हणून आपलं भात-वरण घेऊन बसायची. मी उघडउघड तिच्या बाजूची होते. अजूनही आहे. फोडणीने त्या आमटीला जीव यायचा, तू काहीही म्हण. तो वाद आपला राहिला आहे आणि मी तो सोडलेला नाही.

पण ते बाकीचं सगळं काय मजेचं होतं रे! ऑलिव्हचं तेल पनवेलात कुठे मिळणार, तर केमिस्टकडे. तान्ह्या बाळांना चोळायचं म्हणून छोट्या बाटलीत ठेवतात ते. तू ती बाटली आमटीवर उपडी केलीस तेव्हा आई म्हणाली, “आता काजळ-तीट पण लाव तिला.” सेलरीच्या जागी कोथिंबिरीचे देठ. घेवड्यासारखे ते त्यांचे दाणे मिळेनात म्हणून आपले वाल. वाल भिजत घाल म्हणून तू आईला सांगितलंस. तिने ते भिजवले, पंच्यात बांधून मोड आणले, कोमट पाण्यात घालून एकेक सोलला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पांढऱ्याशुभ्र डाळिंब्यांचं ताट तुझ्यापुढे ठेवलं. तुला सकाळी हवे होते आणि सालासकट हवे होते. “सालासकट वाल?” आई म्हणाली. “गुरांना घालायचेत का?” त्या दिवशीची आमटी निम्मी बिरडंच झाली होती, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत चांगली झाली होती.

आमटीत शेवटी घालायची मॅकरोनी संपली तेव्हा तर तू कहर केलास. माझ्या नणंदेच्या लग्नाला द्यायचे म्हणून आईने हाताने वळून ठेवलेले गव्हले तू डब्यातून काढलेस आणि खुशाल आमटीत टाकलेस. मंगलकार्याच्या खिरीचे गव्हले, लसणात शिजवले! आई पोळपाट घेऊन तुझ्या मागे अंगणभर फिरली. आणि तुळशीची ती गंमत. त्यांच्या कुठल्या पाल्याचा वास तुळशीसारखा असतो म्हणून तू वृंदावनाकडे हात नेलास, आईने तुझ्या मनगटावर फटका मारला. “लसणाबरोबर तुळस वाटशील? नरकात जाशील.” मग कोन गावच्या हिराबायने, आपल्या भाजीवालीने, तुला सब्ज्याचं रोप आणून दिलं, आणि तू त्याची पानं, लसूण आणि भाजलेले दाणे खलबत्त्यात कुटून त्या आमटीवर घालायला लागलास. आई लांबूनच म्हणाली, “म्हणजे शेवटी चटणीच लागली ना?” पण पुढच्या रजेला तू आलास तेव्हा डालड्याच्या डब्यात सब्जा टरारला होता आणि बरणीत जाडजाड वेगळे गव्हले वळून ठेवले होते. “हे त्या तुझ्या पेजेसाठी. लग्नाच्यांना हात लावायचा नाही.” तू मला डोळा मारलास. मी म्हटलं, लाडोबा आहे नुसता.

आणि ते माप तुझं! अख्ख्या बोटीचं शिजवायची सवय, त्यामुळे तुला तिघाचौघांचा स्वयंपाक कधी जमलाच नाही. एकदा पातेलं चढवलं की आळीत डबे फिरायचे. कुणी त्यात भाकरी कुस्करायचं, कुणी वरून लिंबू पिळायचं, समोरच्या काकू त्यात गरम मसाला घालायच्या आणि तुला तोंडावर सांगायच्या की आता कुठे चव आली. तू सगळं हसण्यावारी न्यायचास. तुझ्या हातची आमटी तू करतोस तशी या गावात कुणी खाल्लीच नाही, हे तू एकदाच मला म्हणालास, तेही हसतच. मला तेव्हा वाटलं, एवढं काय त्यात.

आपलं खरं भांडण आमटीचं नव्हतंच. या वेळी तू आलास तो बोट सोडून आलास असं मी धरून चालले होते. पलीकडे नवं बंदर झालंय, तिथल्या कँटीनमध्ये तुझ्यासारखा माणूस त्यांनी हातोहात घेतला असता. आणि तू म्हणालास, आणखी एक फेरी करून येतो. मी काय काय बोलले, ते तुलाही ठाऊक आहे. आईने किती वर्षं रेडिओवर वादळाची बातमी लागली की देवापुढे जाऊन बसायचं? तू म्हणालास, “ताई, मला जमिनीवर झोप लागत नाही गं, सगळं फार स्थिर असतं.” मी म्हटलं, “सवय होईल.” ते तिथेच राहिलं.

आणि मग तो रविवार. तू सकाळपासून चिरत बसलास, लाल भोपळा, दुधी, फरसबी, गाजरं. मी आपली आयती जेवायला आले होते. आपण दोघं बाहेरच्या ओट्यावर बसून कर्नाळ्याच्या सहलीत तू माकडाला डबा दिलास की माकडाने तुझ्याकडून हिसकावला यावर वाद घालत होतो. आईने जेवायला हाक मारली. तू वाटीत बघितलंस आणि थांबलास. मीही बघितलं. वर मोहरी नव्हती. कढीपत्ता नव्हता. नुसतं कच्चं तेल आणि सब्ज्याची चटणी.

“आई, आज काय?” तू विचारलंस.

“मोहरी संपलीय,” आई म्हणाली. “गप जेव.”

तू एवढा खूश झालास की मला तुझी दया आली. तू तीनदा वाढून घेतलंस. मी म्हटलं, “मेल्या, फुटशील.” मग तू आतल्या खोलीत आडवा झालास. चहाला उठवायला आई गेली.

डॉक्टरांनी सांगितलं, हृदय बंद पडलं, झोपेतच गेला, काही कळलं नसेल. अजून चाळिशी नव्हती तुझी. लोक म्हणतात, पुण्यवान, असं मरण कुणाला येतं. मला त्या लोकांच्या तोंडावर दार आपटावंसं वाटतं. इतकी वर्षं आई समुद्राला घाबरली, आणि तू आपल्या गोधडीवर, खिडकीखाली गेलास.

सुतकाच्या दिवसांत मी चहाच्या मसाल्यासाठी मिसळणाचा डबा उघडला. मोहरीची वाटी काठोकाठ भरलेली होती. मी आईकडे बघितलं, तिने माझ्याकडे. तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. “मीच घालवला त्याला. समुद्राने नाही नेला. माझ्या हाताने बिनफोडणीचं वाढलं, आणि चहाच्या आत गेला.” मी तिला समजावलं, ओरडले, डॉक्टरांचं सांगितलं, मीही तेच जेवले होते आणि ठणठणीत बसलेय असंही सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. त्या दिवसापासून तिचं अन्न सुटलंय. घरातलं सुतक संपलं तरी ती आपलं सुतक धरून बसलीय, आणि मला भीती वाटते रे, की ही अशीच हळूहळू तुझ्या मागे चालायला लागली आहे. मला अजून एकाचं तेरावं करायचं नाहीये. मला झेपणार नाही.

आज सकाळी हिराबाय आली. तिच्याकडे लग्न होतं, म्हणून बरेच दिवस फिरकली नव्हती. पायरीशी टोपली उतरवली आणि नेहमीसारखी हाक मारली, “दादा हाय ना घरात? वालाच्या शेंगा आनल्यात, कवल्या हायत.”

मी हात पुसत दारात आले. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग आत, तुझ्या हार घातलेल्या फोटोकडे. ती तिथेच पायरीवर बसली. “आमाला कुनी सांगला नाय गो,” म्हणाली आणि पदर तोंडात धरून रडली. मी तिला पाणी दिलं. जाताना मी शेंगा परत टोपलीत टाकायला गेले तर तिने माझा हात धरला. “त्याच्या नावानं आनल्यात. आता परत नाय नेयाच्या.”

शेंगांचा ढीग स्वयंपाकघरात जमिनीवर पडला होता. मी चहाची भांडी विसळत होते. मागे वळून बघते तर आई खाली बसून शेंगा सोलायला लागली होती. तिच्या हातांना शेंगा दिसल्या की सोलायच्या एवढंच माहीत आहे. मी एक शब्द बोलले नाही. म्हटलं, बोलले तर थांबेल. घरात दुधी होता, भोपळ्याची फोड होती, दोन गाजरं होती. मी चिरायला घेतलं, बारीक, तू चिरायचास तसं. सगळं गार पाण्यात घातलं. फोडणी नको म्हणतेस ना बाई, नको. बिनफोडणीचं चांगलंचुंगलं म्हणून करण्यासारखं माझ्या माहितीत एकच आहे.

आईने सोललेले दाणे माझ्यापुढे सरकवले. मी काय करतेय ते तिला कळलं होतं. मला वाटलं, आता उठून गॅस बंद करेल, पातेलं मोरीत ओतेल. ती भिंतीला टेकून बसून राहिली. भाज्या रटरटत होत्या आणि घरात तुझ्या रविवारचा वास भरला. मला फार रडू आलं, पण मी गॅसकडे तोंड करून उभी राहिले. शेवटी गव्हले घातले. सब्ज्याच्या डब्याला कुणी पाणीच घातलं नव्हतं, दोन-चार पानं राहिली होती, ती चुरडून टाकली. वरून कच्चं तेल. चमचा उभा राहिला नाही, विल्या, कलंडला. तुझ्याएवढी घट्ट नाही झाली.

वाटी मी तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, “आई, एकदा तरी चाखून बघ. तो करायचा तशी आहे. आयुष्यात एकदा.”

तिने वाटी उचलली. एक चमचा घेतला. बराच वेळ तोंडात धरला.

“त्या दिवशी मीठ बरोबर होतं,” ती म्हणाली. “तू कमी घातलंस.”

मी म्हटलं, “त्या दिवशी तू कुठे खाल्लंस? तू तर वरण-भात घेतला होतास.”

“तुम्ही ओट्यावर बोलत बसला होतात तेव्हा. तेल तापलं होतं, मोहरी चिमटीत होती. वाटलं, मीठ बघावं. म्हणून चाखली.” ती वाटीतच बघत होती. “आवडली गं मला. इतकी वर्षं हा पोर जीव तोडून करतो, आणि मी त्याच्या आमटीवर फोडणी ओतते. म्हटलं, एक दिवस त्याचं त्याच्या मनासारखं होऊ दे. तेल उतरवून ठेवलं. तेवढाच मोह झाला मला.”

“मग त्याला मोहरी संपली म्हणून का सांगितलंस?”

“लगेच कबूल केलं असतं तर डोक्यावर बसला असता. म्हटलं, चहाला उठला की सांगू.”

आणि मग ती रडली, विल्या. तू गेल्यापासून ती नीट रडली नव्हती, आज रडली. मी तिला धरून बसले. तिच्या डोक्यातलं माझ्याने निघणार नाही, ते मला कळलंय. आपण बिनफोडणीचं वाढलं म्हणून मुलगा गेला, असंच ती मरेपर्यंत म्हणत राहील. पण डोळे पुसून तिने वाटी पुन्हा हातात घेतली आणि तळापर्यंत संपवली. मग भांड्यात अजून आहे का म्हणून विचारलं. मी वाढली, ती पण संपवली.

आता ती झोपलीय, आणि मी पुढच्या खोलीत बसून हे लिहितेय. कुठे पाठवायचं ते माहीत नाही. पण तिला तुला सांगायचं होतं आणि तिचं राहून गेलं, तेवढं तरी तुझ्यापर्यंत पोचायला हवं. नीट ऐक, मेल्या. आईने तुझी आमटी चाखली होती, तुझ्या आधी. आणि तिला आवडली होती.